बानूआपांचे सात डबे

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की मोताळ्यातल्या गच्च्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. कुरडया, सरगुंडे, तुरीची डाळ, गहू, वर्षभर अंगाखाली दबलेल्या गाद्या, सगळं उन्हाला येतं. आमच्या गल्लीत बानूआपांच्या गच्चीवर या सगळ्याबरोबर पत्र्याचे सात गोल डबेही यायचे. चपटे, जेवणाच्या ताटाएवढे. झाकणं काढून, आत कडूनिंबाचा पाला घालून, वरून पांढरं मलमलचं फडकं पसरून आपा दिवसभर जिन्याच्या तोंडाशी काठी घेऊन बसायच्या. माकडांचा भारी उपद्रव. डाळीत माकडानं हात घातला तर आपा एखादवेळ सोडूनही देत, पण त्या फडक्याकडे कावळा जरी वळला तरी काठी उठायची.

ते डबे अकरा वर्षं मी स्वतः वर नेले आणि संध्याकाळी खाली आणले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी दुसऱ्या कुणावर तरी भडकलेली दिसेन. तो राग खरा कुणावर होता हे वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

बानूआपा आणि मी एकाच जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. मी नवीन लागले तेव्हा त्यांची वीस वर्षं तिथं झाली होती. उंच, हाडकुळ्या, सुती साडी, डोक्यावरचा पदर कानामागे घट्ट खोचलेला. बोलणं मोजकं, पण जे बोलतील ते वर्मावर. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून शाळेचा कप फुटला तेव्हा म्हणाल्या, "शोभे, तुह्या हातात कपाची दांडी टिकत नाही, नवरा कसा टिकला बाई?" मी रडवेली झाले. दुपारी त्यांनी आपल्या डब्यातलं आंब्याचं लोणचं माझ्या पोळीवर वाढलं आणि विषय संपला.

वस्तू जपणं हा त्यांचा धर्मच म्हणा. पोरांच्या पेन्सिलीचा तुकडा बोटात धरवेनासा झाला की तो ज्वारीच्या धांड्याच्या पोकळ कांडीत खोवून पुन्हा लिहायला द्यायच्या. पार शिसं संपेपर्यंत. शाळेत भारताचा एक कापडी नकाशा होता, आपांच्याही आधीचा. नव्या मुख्याध्यापकांनी तो भंगारात काढला तेव्हा आपांनी तो घरी नेला, मागून धोतराचं कापड कणकेच्या खळीनं चिकटवलं आणि महिन्याभरानं पुन्हा वर्गात टांगला. मुख्याध्यापक म्हणाले, "आपा, यात निम्मी राज्यं नाहीत." आपा म्हणाल्या, "नद्या त हायेत ना सर? नद्या शिकवतो." आणि मग त्यांचं नेहमीचं वाक्य: "जपलं त टिकते. नाही जपलं त दगडबी जाते."

डब्यांचं मला कळलं ते त्यांच्या शेजारी राहायला गेले त्या पहिल्या उन्हाळ्यात. मला वाटलं, तुपाचे असतील. मी विचारलं तेव्हा आपा डाळीतले खडे निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "त्यात माही अम्मी हाये," म्हणाल्या.

मग जे सांगितलं ते असं. त्यांचे वडील रोहिणखेडचे. तरुणपणी घरातून पळून मुंबईला गेले, एका सिनेमा कंपनीत पडदे रंगवायला लागले आणि रंगवता रंगवता डायरेक्टर झाले. मुक्या चित्रपटांचा काळ. त्यांनी उभ्या आयुष्यात एकच चित्रपट पुरा केला. 'सोनचाफ्याची शपथ'. फुलं विकणारी एक पोरगी आणि नदीपलीकडचा एक नावाडी. तो परत येईन म्हणून जातो, ती रोज काठावर जाऊन बसते, तो येतो तेव्हा तिची नजर गेलेली असते आणि ती त्याला हाताच्या स्पर्शावरून ओळखते. एवढीच गोष्ट. त्यात फुलवालीचं काम करणारी गुलाब ही पुढे डायरेक्टरची बायको झाली. म्हणजे आपांची आई.

चित्रपट तयार झाला आणि नेमके बोलपट आले. मुका चित्रपट कुणी दारात उभा करेना. कंपनी बुडाली. डायरेक्टर बायकोला आणि चित्रपटाच्या एका प्रतीला घेऊन गावी परतले, बियाण्याचं दुकान टाकलं आणि पुन्हा कधी थेटराची पायरी चढले नाहीत. गाव मात्र गुलाबला विसरलं नाही. नाचवाली, म्हणायचे. विहिरीवर बायका तिच्या आधी पाणी भरून घ्यायच्या. बऱ्याच वर्षांनी बानू झाली. बानू सात महिन्यांची असताना गुलाब तापानं गेली. चाळिसावा दिवस व्हायच्या आत फुफीनं, म्हणजे बानूच्या आत्यानं, घरातले तिचे सगळे फोटो, जाहिराती, कंपनीचे कागद चुलीत घातले. खानदानाला लागलेला डाग पुसला म्हणे. डबे तेवढे वाचले, कारण डायरेक्टरांनी ते आधीच गव्हाच्या कोठीत पुरले होते.

"म्या तिचा फोटो पाह्यला नाही," आपा म्हणाल्या. "कशी दिसे, गोरी का सावळी, नाक कसं, काहीच नाही. सिनेमाची गोष्ट अब्बा सांगत, पण तिचं विचारलं त उठून दुकानात जात. मरताना मले एकच बोलले. डबे जप."

आणि आपांनी जपले. जसं त्यांना जपणं ठाऊक होतं तसं. आमच्या भागात गहू काय, डाळ काय, किडू नये म्हणून करतात तेच. वैशाखाचं कडक ऊन, कडूनिंबाचा पाला आणि पुन्हा कोरड्या कोठीत. एक साल चुकवलं नाही. स्वतःच्या लग्नाच्या साली नाही आणि नवरा गेला त्या सालीही नाही.

मी एकदा म्हटलं, "आपा, एक रीळ थोडं सोडवून उजेडात धरू या ना. बारीक बारीक चित्रं असतात त्यावर. दिसेल आई." त्या माझ्यावर अशा उसळल्या की मी दोन पावलं मागे सरले. "एकटीनं चोरून काऊन पाहू? तिनं काय चोरी केली होती? पाहीन त चार लोकांत पाहीन. ज्या गावानं तिले नावं ठेवले, त्या गावाले समोर बसवून पाहीन. म्हणतीन, पाहा, हे माही माय." मला वाटलं, बाई हट्टी आहे. आज वाटतं, त्या दिवशी मी त्यांचं न ऐकता डबा हिसकावून घ्यायला हवा होता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी हा एकच धंदा केला. अर्ज लिहायचा, सकाळच्या एसटीनं बुलढाण्याला जायचं, कचेरीतल्या बाकावर बसायचं, संध्याकाळी परत. कुणी तरी मशीन लावून हा चित्रपट एकदा दाखवावा, एवढीच मागणी. दोन-तीनदा मीही गेले. एका साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "गाणी कोणती आहेत यात?"

"गाणे नाही साहेब. मुका हाये."

"बरं. डायलॉग तरी चांगले आहेत ना?"

"मुका हाये साहेब," आपा तितक्याच शांतपणे म्हणाल्या.

साहेबांनी विचार केला आणि अर्जावर शेरा मारला. चित्रपटास आवाज नाही, दुरुस्त करून पुन्हा सादर करावा. मी बाहेर येऊन इतकी हसले की मला ठसका लागला. आपा हसल्या नाहीत. परतीच्या गाडीत त्यांनी तो कागद चारदा वाचला आणि मला म्हणाल्या, "हे दुरुस्त होते काय शोभे?" तेव्हा मला कळलं की ही बाई कुठल्या टोकाला आली आहे. ज्या बाईनं पोरांच्या आजवरच्या सगळ्या थापा पकडल्या, ती त्या शेऱ्यावरही विश्वास ठेवायला तयार होती.

मग मी पुण्याला पत्र लिहिलं. जुने चित्रपट जपणारी एक जागा आहे असं माझ्या भाच्यानं सांगितलं होतं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत डब्यांना वास यायला लागला. आंबट, नाकात झोंबणारा. आपा घाबरल्या. धान्याला वास आला तर आपण काय करतो? आणखी एक ऊन देतो. आपांनी दोन-दोन दिवस ऊन दिलं. मीच डबे वर नेले. दुसऱ्या साली तीन दिवस.

शेवटी त्या पत्रांवरून पुण्याहून अभिजित नावाचा तरुण आला तो पोळ्याच्या आसपास. सालस पोरगा. हातात रबरी मोजे, तोंडाला फडकं. आपांनी सकाळपासून अंगण सारवून ठेवलं होतं, ठेवणीतली साडी नेसली होती. गल्लीतल्या चार बायकांना बोलावून त्यांनी ओटीवर बसवलं होतं. त्यानं पहिला डबा उघडला. आत तपकिरी भुकटी होती. दुसऱ्यातही भुकटी. तिसऱ्यात काकवीसारखा चिकट गोळा, पाला त्यातच रुतलेला. चौथा, पाचवा, सहावा. प्रत्येक झाकणासरशी आपा एक पाऊल पुढे येत होत्या.

"आजी, हे कुठं ठेवलं होतं?" त्यानं विचारलं.

"गव्हाच्या कोठीत. कोरड्या. अन् दरसाल ऊन देल्लं."

"काय दिलं?"

"ऊन, बाप्पा. ऊन. अखाजी झाली की दिवसभर. एक साल चुकवलं नाही." सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की बक्षीस घ्यायला उभी राहिलेली पोरगी वाटावी.

अभिजितनं हातातलं झाकण खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. सांगू नको, एवढंच मला म्हणायचं होतं. पण आपा आम्हा दोघांच्या मध्ये उभ्या होत्या.

"माह्यानं झालं काय?"

"नाही आजी. फार जुनी फिल्म होती. वय झालं की जाते."

"बत्तीस वर्षं पोट्टे शिकवले म्या. खोटं बोलणारं पोरगं कुठं पाहते, मले माहीत हाये. सांग."

त्यानं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. मग म्हणाला, "या फिल्मला थंडावा लागतो. उन्हानं लवकर जाते. पेटून घर कसं गेलं नाही याचंच मला नवल वाटतंय."

"नसतं देल्लं ऊन, त?"

"सांगता येत नाही आजी."

"सांग."

"राहिले असते दोन-चार डबे. बहुतेक."

आपा आत गेल्या. मला वाटलं, आता आतून हंबरडा येईल. त्या माठातल्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. "पाणी घे बाप्पा, लांबून आला तू." तो पाणी पीत असताना त्या खाली बसल्या आणि त्या भुकटीतून कडूनिंबाच्या काड्या एक एक वेचून बाजूला ठेवू लागल्या. ओटीवरच्या बायका कधी उठून गेल्या कळलंच नाही.

सातव्या डब्यात, पार आतल्या वेढ्यांत, तीनेक हातांचा तुकडा थोडा शाबूत होता. तो त्यानं कापसात गुंडाळून घेतला. स्टँडवर सोडायला गेले तेव्हा मी त्याला वाटेल ते बोलले. "तुला धड खोटंही बोलता येत नाही का रे? काय बिघडलं असतं तुझं?" तो ऐकून घेत राहिला. गाडी लागल्यावर म्हणाला, "मॅडम, तुमचं पहिलं पत्र माझ्याच टेबलावर होतं. मला वाटलं, काय असणार मोताळ्यात." माझा राग गळून पडला. आम्ही तिघं होतो त्यात, आणि एकानंही वाईट चिंतलं नव्हतं.

त्यानंतर आपांनी जपणं सोडलं. दूध नासायचं, पिठात अळ्या व्हायच्या, दार सताड उघडं असायचं. वर्षानुवर्षं जपून ठेवलेलं सगळं काढून त्यांनी पोरांना वाटून टाकलं. मी रागावले तर म्हणायच्या, "कायले जपू? माह्या जपण्यानंच गेलं ना?" पुढच्या अखाजीनंतर एका दुपारी त्यांच्या गच्चीवर मला काही दिसलं. वर गेले तर आपा जिथं डबे मांडत तिथंच भर उन्हात बसलेल्या, डोक्यावर पदर नाही, ओठ सुकलेले. मी दंडाला धरून सावलीत ओढलं.

"पाहून राह्यली होती," त्या म्हणाल्या, "कसं लागत असन तिले. येवढे वर्ष."

मी त्यांना धरून तिथंच रडले. त्या रडल्या नाहीत. आजही कधी कधी दुपारी माझं अंग भाजल्यासारखं होतं आणि मला ती गच्ची आठवते.

त्यानंतर महिन्याभरानं अभिजितनं माझ्या मोबाईलवर चित्रफीत पाठवली. त्या तीनेक हातांच्या तुकड्यातून त्यानं चार सेकंद उभे केले होते. मी धावत गेले. आपांनी हात धुतले, तोंड धुतलं, पदर घेतला आणि मग मोबाईल हातात घेतला.

नदीचा घाट. तीन बायका पाणी भरून वर येतात. पहिलीच्या कमरेवर कळशी, ती हसते आहे. मधलीच्या डोक्यावर घागर आणि एक हात मोकळा. तिसरी मागे वळून कुणाला तरी पाहते. तिघींच्या चेहऱ्यांवरून नायट्यासारखे पांढरे डाग सरकत जातात. नाक आहे, डोळे आहेत, पण चेहरा म्हणून हातात काही लागत नाही. आणि संपलं.

"अब्बानं गोष्ट सांगतली होती तवा हेच पहिलं चित्र होतं," आपा हळूच म्हणाल्या. "फुलवाली दोन मैत्रिणीसंगं पाण्याहून येते." त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा. मग माझ्याकडे वळल्या. "यातली कोण?"

मी अभिजितला फोन लावला. त्यालाही ओळखता येईना. या तिघींपैकी एक आपांची आई, हे नक्की. कोणती, हे सांगणारं जगात कुणी उरलं नव्हतं. तरी आपा मला घेऊन रोहिणखेडला गेल्या. जुन्या मशिदीजवळच्या ओट्यावर म्हातारे बसले होते, त्यांना दाखवलं. सगळे आपांपेक्षा लहान. एका घरात नव्वदीपुढची एक बुढी होती, तिनं गुलाबला पाहिलेलं होतं म्हणत. तिनं मोबाईल डोळ्याशी धरला आणि पहिलीवर बोट ठेवलं. आपा तिच्या खांद्यावरून वाकल्या. खात्री करायला मी पुन्हा लावलं, तर बुढीनं तिसरीवर बोट ठेवलं. "तिन्ही सुंदर हायेत बाई," म्हणाली.

 घरासमोर ऑटोतून उतरताना आपा एवढंच म्हणाल्या, "समोर हाये शोभे. अन् मले ओळखता येत नाही. आपल्या मायले ओळखत नाही अशी पोर पाह्यली काय तू कुठं?"

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या लोणारला आपल्या मुलाकडे कायमच्या राहायला जायच्या आदल्या दुपारी. निरोप घ्यायला गेले तर त्यांनी दार लावून घेतलं आणि मला भिंतीला पाठ लावून उभं राहायला सांगितलं. मोबाईल माझ्या हातात दिला. माझ्या भाच्याकडून त्यांनी स्वतःसाठी एक मागवून घेतला होता.

"तू ते पाह्य अन् मले पाह्य. तिचं काही त असन माह्या अंगात. चेहरा नसन, चाल त असन."

त्यांनी कळशी कमरेवर घेतली आणि न्हाणीपासून दारापर्यंत चालत आल्या. पहिलीसारख्या, हसत. गुडघे दुखत होते, ते हसण्यात लपत नव्हतं. परत गेल्या. कळशी डोक्यावर घेतली, एक हात मोकळा सोडला आणि आल्या. परत गेल्या. मग रिकाम्या हातानं आल्या आणि मध्येच मागे वळून पाहिलं, तिथं फक्त भिंत होती. तिन्ही वेळा मला एक थकलेली म्हातारी बाई दिसली, दुसरं काही दिसलं नाही.

"कोणती?" त्यांना धाप लागली होती.

"मधली," मी म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं, आपा. मान अगदी तुमची आहे."

त्या खाली बसल्या. मोबाईल घेतला, चित्रफीत लावली आणि डाव्या हाताची दोन बोटं काचेवर अशी ठेवली की कडेच्या दोघी झाकल्या जाव्यात. मधे एकटी बाई उरली. ती घाटावरून वर येत राहिली, संपत राहिली आणि पुन्हा येत राहिली. आपा तिच्याशी आपल्या घरच्या बोलीत बोलायला लागल्या. "इत्ते दिन कां थी अम्मी? मैं कब से बैठी हूँ."

मी जाते म्हटलेलं त्यांना ऐकू गेलं नाही. मी चप्पल घातली आणि दार ओढून घेतलं. खरं काय ते मला माहीत नव्हतं, आणि परत आत जाऊन तसं सांगायची माझी हिंमत झाली नाही.